माळ्यावरचं सामान आणि दिवाळीचं देणं

पत्र: नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. अपार्टमेंटमध्ये वीसेक बिऱ्हाडं आहेत. नवरात्राच्या आधी माळा उतरवला, तर न वापरलेल्या वस्तूंचा ढीगच निघाला. लग्नात आलेली भिंतीवरची घड्याळं, हळदीकुंकवाच्या वाणातल्या वाट्या आणि डबे, मुलाची लहानपणची सायकल, दोन मिक्सर, साड्या तर विचारू नका. म्हणून दिवाळीत पार्किंगमध्ये अदलाबदलीचा कार्यक्रम घ्यावा आणि उरेल ते गरजूंना द्यावं, असं मी सुचवलं. बाकीच्या बायका तयार आहेत. पण सासूबाई म्हणतात, लक्ष्मीच्या सणाला घरातलं बाहेर काढायचं नसतं. दुसरं म्हणजे, मागच्या दिवाळीत आमच्या कामाच्या मावशींना मी दोन पिशव्या कपडे दिले होते. काही दिवसांनी त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "वैनी, आमची पोरगी म्हणत्या, ह्ये घालून मी कालिजात जाऊ व्हय?" तेव्हापासून कुणाला काही द्यायचं म्हटलं की हात मागे येतो. आणि नणंदेनं दिलेला डिनर सेट दोन वर्षं खोक्यातच आहे. तो अदलाबदलीत ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर:

ताई, मावशींच्या मुलीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात नेमकं बोललेली तीच आहे.

तुम्ही दोन वेगळी कामं एका दिवसात, एकाच ढिगातून उरकायला निघाला आहात. अदलाबदल बरोबरीच्या माणसांत होते. तुमच्या शेजारणीला तुमचा मिक्सर आवडला नाही तर ती तोंडावर सांगेल, "नको गं, माझ्याकडं आहे." तुम्हालाही त्यात काही वाटणार नाही. मावशींना तशी सोय नव्हती. त्यांना दुसऱ्या दिवशी तुमच्याच दारात यायचं होतं. त्यांनी पिशव्या घेतल्या, ओझं घरी नेलं, पोरीचं ऐकून घेतलं आणि मग कधीतरी भांड्यांच्या आवाजात तुम्हाला सांगितलं. तेही पोरीच्या नावावर घालून. एवढं सांगितलं, यावरून तुमच्या घरात त्यांना थोडंफार बोलता येतं असं दिसतं. पुष्कळ घरांत तेवढंही येत नाही. मग ती पिशवी कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यात जाते आणि देणाऱ्याला वाटत राहतं की आपण पुण्य केलं.

तेव्हा द्यायला घाबरू नका, पण पिशवी बांधायच्या आधी विचारत जा. विचारायचीही एक रीत असते. "हे नेता का?" असं वस्तू हातात धरून विचारलं तर समोरच्याला 'हो'च म्हणावं लागतं. त्यापेक्षा चार दिवस आधी, गप्पांच्या ओघात विचारा: "मावशी, आमच्याकडं सायकल निघाल्या, माझ्या जुन्या जीन्स निघाल्यात. घरात कुणाला काय लागत असेल तर सांगा, नसेल तर भंगारवाल्याला घालणारच आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. वस्तूला दुसरी वाट आहे म्हटल्यावर 'नको' म्हणणं सोपं जातं. मुलगी कॉलेजात असेल तर तिलाच घरी बोलवा आणि निवडू दे. तीनच कपडे उचलले तर तीनच.

आणि हे रागावून सांगते आहे असं समजा हवं तर: जुने कपडे बोनसमध्ये धरायचे नाहीत. दिवाळीला एक पगार जास्तीचा द्यायची पद्धत आपल्याकडं अनेक घरांत आहे. तो रोख द्यायचा. साडी द्यायची तर नवी, पावतीसकट, म्हणजे रंग बदलून घेता येईल. तुमच्या माळ्यावरचं सामान मावशींना मिळालं काय किंवा न मिळालं काय, या हिशोबाशी त्याचा काही संबंध नाही.

आता अदलाबदलीकडं वळू. हे काहीतरी नवीन फॅड आहे असं तुमच्या सोसायटीत कुणी म्हणालं तर त्यांना बोहारणीची आठवण करून द्या. दारात बसकण मारून ती साड्या उलटसुलट करायची, पँटच्या गुडघ्यावर बोट घालून बघायची आणि "आणि एक शर्ट टाका, मग पातेलं" म्हणून अडून बसायची. पितळेची गळकी घागर भांड्यांच्या दुकानात मोडीत घालून वजनाच्या हिशोबात नवं भांडं आणणं, फराळाचं ताट शेजारी गेलं की रिकामं परत न येणं, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलंच आहे. ओटीतल्या ब्लाऊजपीसविषयी तर बोलायलाच नको. एकच पीस मंगळवार पेठेतून निघून शाहूपुरी, कदमवाडी करत वर्षाच्या आत पुन्हा मूळ घरी आल्याची उदाहरणं प्रत्येक नात्यागोत्यात आहेत. न शिवता जन्म काढलेलं ते कापड आहे. निदान अदलाबदलीत ज्याला शिवायचं आहे त्याच्या हातात तरी पडेल.

दिवस मात्र चुकीचा निवडला आहे तुम्ही. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत कुणाला फुरसत नसते. घरात चकलीचा घाणा चालू असताना पार्किंगमध्ये बसून मिक्सर कोण बघणार? माझं मत विचाराल तर भाऊबीजेनंतरचा पहिला रविवार धरा. तोवर नवीन भेटींची भर पडलेली असते. कंपनीतून आलेले गिफ्ट सेट, एकसारखी तीन-तीन चादरींची पाकिटं, सुक्या मेव्याचे डबे. नको काय आणि हवं काय हे तेव्हाच खरं कळतं. मुलंही सुट्टीत असतात. त्यांचा कोपरा वेगळा करा. किल्ला मोडायची वेळ झालेली असते, तेव्हा मावळे, तोफा, शिपाई यांची अदलाबदल ते तुमच्यापेक्षा चोख करतील. एका घोडेस्वाराला दोन मावळे हा भाव त्यांचा त्यांनाच ठरवू दे. मोठ्यांनी मध्ये पडलं की भांडणं होतात.

बाकी मांडणीत फार शास्त्र नाही. येणाऱ्यानं जितक्या वस्तू आणल्या तितक्या चिठ्ठ्या त्याला द्यायच्या आणि तितक्याच वस्तू त्यानं उचलायच्या. मोठ्या वस्तूंना, म्हणजे सायकल, मिक्सर, खुर्ची यांना दोन किंवा तीन चिठ्ठ्या. किमतीचा हिशोब लावायला गेलात तर "माझा कुकर अडीच हजाराचा, तुझी चादर तीनशेची" इथं गाडी अडकेल आणि संध्याकाळपर्यंत दोन मजले एकमेकांशी बोलायचे बंद होतील. दोष असेल तो वस्तूवरच लिहून चिकटवायचा: "दुसऱ्या स्पीडला आवाज करतो," "झाकणाची रिंग बदलावी लागेल." मिक्सर तिथंच प्लग लावून फिरवून दाखवायचा. पार्किंगमध्ये बोर्ड नसेल तर वॉचमनच्या खोलीतून वायर ओढा.

काही वस्तू टेबलावर येऊच द्यायच्या नाहीत. उरलेली औषधं आणि तारीख उलटलेली सौंदर्यप्रसाधनं नकोत. पडून आपटलेलं हेल्मेट नको, वरून ते धड दिसत असलं तरी आतला थर दबलेला असू शकतो. गॅसची जुनी शेगडी आणि नळी नको. आतले कपडे नकोत, हे लिहावं लागतंय याचंच नवल वाटतं, पण लिहावं लागतं. जुना मोबाईल ठेवायचा असेल तर आधी त्यातलं आपलं खातं काढून टाकायचं, फोन पूर्ण पुसायचा, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यायचं. नुसते फोटो डिलीट केले म्हणजे झालं असं नाही, बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅपही त्यातच असतं.

आणि स्टीलची भांडी आणण्याआधी उलटी करून बघा. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची केवढी हौस! काठाशी बारीक अक्षरात देणाऱ्याचं नाव, तारीख, कधीकधी "यांच्या स्मरणार्थ" असंही असतं. पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एखादं तांब्याभांडं उचललं आणि त्यावर त्यांच्याच जाऊबाईंचं नाव निघालं, तर तो प्रसंग तुम्हाला निस्तरावा लागेल.

जरीच्या जुन्या साड्यांबद्दल एक सावधगिरी. आजीच्या काळातला शालू असेल तर त्याच्या काठात खरी चांदीची जर असू शकते. "जुनी जरी" म्हणून हाक मारत गल्लीत फिरणारे लोक येतात ते काही कापडासाठी येत नाहीत. तेव्हा असली साडी टेबलावर ठेवण्याआधी एखाद्या जाणत्या सराफाला दाखवा.

यावरून सासूबाईंकडे येते. त्यांचं म्हणणं अंधश्रद्धा म्हणून उडवून लावू नका. मला तर त्यात दुसरीच भीती दिसते. माळ्यावरचं निम्मं सामान त्यांच्या संसारातलं असणार. सून आवराआवरीला लागली की आपल्या वस्तूंवर 'नको असलेल्या' अशी चिठ्ठी लागते, हे कुठल्या बाईला आवडेल? तेव्हा पहिला नियम: त्यांच्या वस्तूंचा निर्णय त्यांचा. त्या अंबाबाईला गेल्यात तेवढ्यात कपाट मोकळं करायचं, असला प्रकार करू नका. एक टोपलं त्यांना द्या, त्यात त्या काय टाकतील ते टाकतील. एकही वस्तू टाकली नाही तरी बोलायचं नाही.

लक्ष्मी बाहेर जाण्याच्या मुद्द्यावर बोलायचंच झालं तर देवीचाच दाखला देता येईल. अंबाबाईला भाविक ज्या साड्या वाहतात, त्या काही देवळात साठून राहत नाहीत. देवस्थानाकडून त्या प्रसाद म्हणून पुन्हा भाविकांच्या घरी जातात. नवरात्रात तिरुपतीहून जो मानाचा शालू येतो, त्याचाही पुढं लिलाव झालेला आहे. देवीच्या घरातून साडी बाहेर जाते आणि घेणारा ती डोक्याला लावून नेतो. हे सांगताना वाद जिंकल्याचा सूर लावू नका म्हणजे झालं. तसंही भाऊबीजेनंतरचा रविवार धरलात तर लक्ष्मीपूजन होऊन गेलेलं असेल आणि त्यांचा निम्मा आक्षेप आपोआप गळेल.

अदलाबदल झाली, वस्तू उरल्या. आता "उरेल ते गरजूंना". ताई, पत्रातलं मला खटकलेलं वाक्य हेच. वीस घरांनी हात लावून नाकारलेली वस्तू गरजूला कशी चालेल? कोल्हापूरकरांना हे सांगायला लागू नये. 2019 च्या महापुरात आंबेवाडी-चिखलीपासून शिरोळपर्यंत गावंच्या गावं पाण्यात गेली, तेव्हा राज्यभरातून मदत आली आणि त्या मदतीनं माणसं तगली. पण तिच्यात जुन्या कपड्यांचेही ढीग होते. पूरग्रस्त बाईला आधी घर धुवायला फडा आणि फिनेल हवं होतं, कोरडं अंथरूण हवं होतं, चूल पेटायला हवी होती. कुणाच्या तरी लग्नातली टिकल्यांची चोळी घेऊन ती काय करणार? पुराचं पाणी आपण घेतलेलं आहे. आपण तरी त्या ढिगात भर घालू नये.

म्हणून देण्याचा ढीग अदलाबदलीच्या आधी काढायचा, नंतर नाही. तो कुणासाठी आहे हे ठरवून काढायचा.

आपल्या भागापुरतं सांगायचं तर दिवाळी आणि गळीत हंगाम हातात हात घालून येतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागतात. राजाराम कारखान्याच्या बाजूला, वडणगे-शिये पट्ट्यात, कागलकडं, कुठंही रस्त्याकडेच्या माळावर पालं दिसतील. आपण अभ्यंगस्नान करत असतो तेव्हा त्यांचा हंगाम उभा राहत असतो. पुढं थंडीत पहाटेच फडात उतरायचं असतं. इथं काय लागतं याची कल्पना शहरात बसून येत नाही. पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट ही तिथं कामाची चीज आहे. उसाचं पान हात कापतं, म्हणून बायका साडीवरून तसला शर्ट घालून तोडणी करतात. तुमच्या यजमानांचे कॉलर विरलेले पण कापड धड असलेले ऑफिसचे शर्ट काढा. ब्लँकेट, लहान पोरांचे स्वेटर, कानटोप्या, पायातलं काहीतरी, चार्जिंगची बॅटरी, झाकणाचा पाण्याचा कॅन. मुलाची सायकलही इथं धावेल, पण ब्रेक करून, ट्यूब बदलून द्या. मोडकी सायकल म्हणजे त्यांच्या मागे दुरुस्तीचा खर्च लावून देणं.

तिथंही आधी एकदा रिकाम्या हातानं जा. टोळीच्या मुकादमाशी किंवा त्या गावच्या शाळेतल्या मास्तरांशी बोला, बायकांना विचारा, किती पोरं आहेत, केवढी आहेत. मग पुढच्या खेपेला त्याप्रमाणं न्या. संध्याकाळी जा, दिवसा पालावर म्हातारी माणसं आणि लहान पोरंच सापडतील. रांगेत उभं करून वाटप करायचं नाही, आणि फोटो तर अजिबात नकोत. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला फोटो हवेत असं कुणी म्हणालं, तर पार्किंगमधल्या अदलाबदलीचे काढा म्हणावं, तिथं सगळे हौसेनं उभे राहतील.

शहरातल्या शहरात द्यायचं असेल तर माणुसकीची भिंत ही कल्पना चांगली आहे. इराणमधल्या मशहद शहरात 2015 साली अशी भिंत गाजली: नको असलेलं टांगून जा, हवं असलेलं घेऊन जा. ती पुढं आपल्याकडंही ठिकठिकाणी उभी राहिली, कोल्हापुरातही दिवाळीच्या तोंडावर उभी राहिलेली आपण पाहिली आहे. मला तिच्यातली एकच गोष्ट फार आवडते. देणारा समोर नसतो. घेणारा सावकाश निवडतो, मापाला लावून बघतो, नको ते परत टांगतो. मावशींच्या मुलीला हेच हवं होतं. भिंतीवर न्यायचे कपडे मात्र धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून न्या, आणि हँगर बरोबर न्या.

या बाबतीत दिल्लीच्या 'गूंज' संस्थेचं काम मला पटतं. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये ती सुरू केली, पुढं त्यांना 2015 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडं गावातली माणसं विहीर, रस्ता, बांध असं आपल्याच गावाचं काम करतात आणि त्याच्या मोबदल्यात शहरातून आलेलं सामान घेतात. म्हणजे पुन्हा देवाणघेवाणच, कुणाची मान खाली न घालता.

पुस्तकांचं थोडक्यात. पहिली ते आठवीची जुनी पाठ्यपुस्तकं वाटायला नेऊ नका. सरकारी आणि अनुदानित शाळांत ती मुलांना मोफत मिळतात. अकरावी-बारावीची, नीट-जेईईची, एमपीएससीची पुस्तकं मात्र महाग असतात आणि बाहेरगावाहून इथं शिकायला राहिलेल्या पोरांना हवी असतात. दसरा चौकाच्या आसपास शाहू महाराजांच्या काळापासूनची बोर्डिंगं आहेत, गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. एका अभ्यासिकेच्या दारावर यादी लावा, पोरं स्वतः फोन करतील. अभ्यासक्रम बदललेला नाही ना, एवढं तपासून बघा. कथा-कादंबऱ्यांसाठी वाचनालयात आधी विचारा, त्यांच्याकडंही जागेची अडचण असते.

मऊ सुती साड्या राहिल्या असतील तर त्या वाकळ शिवणाऱ्या बाईकडं द्या, शिलाई देऊन. सिंथेटिक देऊ नका, ती सरकते आणि ऊबही धरत नाही. त्यातली एखादी वाकळ सासूबाईंच्या साड्यांची शिवून घेतलीत तर त्यांचं टोपलं भरायला थोडी मदत होईल असा माझा अंदाज आहे.

आणि जे खरोखर कुणाच्याच कामाचं नाही, विटकं, फाटकं, जळकं, ते सरळ भंगारात घाला. प्लास्टिकचा तडकलेला डबा दान केल्यानं धड होत नाही. बंद पडलेली घड्याळं, वायरी, चार्जर ई-कचऱ्यात वेगळे द्या, ओल्या-सुक्यात घालू नका.

राहिला डिनर सेट. नणंद कोल्हापुरातच राहते की बाहेरगावी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शहरात असेल तर तुमच्या पार्किंगमध्ये तो ठेवू नका. राजारामपुरीत ठेवलेली वस्तू टाकाळ्यापर्यंत पोचायला एक संध्याकाळ पुरते. ती यंदा दिवाळीला येईल तेव्हा एकदा तरी तो खोक्यातून काढून तिलाच त्यात जेवायला वाढा. त्यानंतर तिला सरळ सांगता येईल: "वन्सं, सेट छान आहे, पण आमच्याकडं माणसं चार आणि ताटं स्टीलचीच लागतात. तुमच्याकडं पाव्हणे फार असतात, तुम्हाला उपयोगी पडेल का?" ती घेऊन गेली तर उत्तम. "तू कुणालाही दे गं" म्हणाली तर पुढच्या वर्षीच्या अदलाबदलीत तो तीन चिठ्ठ्यांचा माल आहे. आणि चुकून त्याच्या बशीखाली तिचं नाव तर घातलेलं नाही ना, ते आत्ताच खोकं उघडून बघा.